वसाहतकार, उपरे की जगायला आलेले? परग्रहावरच्या कादंबरीसाठी शब्द हवेत

पेठेतला वाचक : एक कादंबरी लिहितोय. अंतराळातली आहे, पण त्यात यानांच्या शर्यती कमी आणि जमिनीची भांडणं जास्त. माणसांचा एक जथा दूरच्या ग्रहावर उतरतो. ग्रह ओसाड दिसतो. माणसं तळं खोदतात, रानं करतात, तीन पिढ्या जातात. मग जमिनीखाली दीर्घ झोपेत असलेले तिथले मूळचे जीव जागे होऊन वर येतात, आणि पुढं उरलेलं पुस्तकभर दोघांत जुंपते.

अडलंय ते असं. या माणसांना मराठीत काय म्हणायचं? खर्ड्यात सध्या ‘वसाहतवादी’ आहे. घरच्यांनी वाचून विचारलं, एवढं काय पाप केलंय यांनी? दुसरं म्हणजे ‘परग्रहवासी’. हा शब्द आला की वाचकाला तीन डोळ्यांचे जीव दिसतात, पण त्या ग्रहावर परग्रहवासी तर आपणच ना? आणि मुखपृष्ठावर ‘स्पेस ऑपेरा’ छापायचं की काही मराठी?

जुळे सोलापूर : शेवटचं आधी. ‘अंतराळ संगीतिका’ कृपा करून नको. या ऑपेराचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. अमेरिकेत साबण कंपन्यांच्या पैशावर रेडिओवर रडक्या मालिका चालायच्या, म्हणून त्या सोप ऑपेरा. घोड्यांवरच्या मारामारीच्या गोष्टी म्हणजे हॉर्स ऑपेरा. त्याच चालीवर 1941 मध्ये विज्ञानकथालेखक विल्सन टकरनं चोथा झालेल्या यानकथांना स्पेस ऑपेरा म्हटलं. शिवीच होती ती. पुढं लेखकांनी तीच छातीवर बिल्ल्यासारखी लावली. देवनागरीत ‘स्पेस ऑपेरा’ लिहा आणि मोकळे व्हा.

भाषेच्या बाई : सहमत. फक्त आत ‘अवकाश’ आणि ‘अंतराळ’ यांतला एकच शब्द धरा. मी अंतराळ घेईन. ‘यान पोचायला अजून अवकाश आहे’ असं वाक्य कधी ना कधी येणारच, आणि मग गंमत होते.

मूळ प्रश्नाबद्दल. ‘वसाहतवादी’ म्हणजे दुसऱ्याच्या मुलखावर राज्य करणं योग्य मानणारा. तो मुंबईच्या बंदरावर न उतरता लंडनमध्ये बसूनही वसाहतवादी असू शकतो. प्रत्यक्ष येऊन राहणारा ‘वसाहतकार’. वर्तमानपत्रं दोन्ही सरमिसळ वापरतात, कादंबरीनं तसं करू नये. पण त्याहून महत्त्वाचं, तुमची माणसं तिथं वसली की कुणी वसवली? मराठीत ही दोन क्रियापदं वेगळी आहेत. पेठ वसते, आणि पेठ वसवतातही. वसवणारा सरकार असतो किंवा सावकार. त्याचा हिशेब असतो, त्याला कधीतरी वसूल करायचं असतं. तुमच्या जथ्यामागं असा कुणी आहे का?

पेठेतला वाचक : आहे बाई. पृथ्वीवरची एक कंपनी. यानाचं भाडं तीन पिढ्यांनंतरही फिटलेलं नाही.

पूर्वभाग : मग ‘वसाहतकार’ फार भारदस्त होतो. आमचे लोक, पद्मशाली, तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. पूर्व भागात आजही घरात तेलुगू, दारात मराठी. आम्हांला कुणी वसाहतकार म्हटलं नाही, आम्हीही स्वतःला म्हटलं नाही. आजी म्हणायची, “जगायला आलो.” सोलापूर जिल्ह्यात दुष्काळाच्या गोष्टी सांगताना सगळेच हा शब्द वापरतात, जगायला बाहेर पडले, जगायला आले. तुमच्या पहिल्या पिढीच्या तोंडी हेच पाहिजे. कंपनीच्या कागदावर काय लिहायचं ते लिहा.

आणि ‘सेटलमेंट’ हा इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा विचार असेल तर सोलापूरच्या वाचकाचा विचार करा. इथं सेटलमेंट म्हणजे तारेचं कुंपण. 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना त्यात ठेवत. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, गिरणीत कामाला जायचं. 31 ऑगस्ट 1952 ला देशभरातून तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. शहरात अजून ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ नावाची वस्ती आहे. रिक्षावाला सहज बोलून जातो, पण त्या ‘फ्री’कडं जरा थांबून बघा. कॉलनी ‘फ्री’ आहे असं मुद्दाम सांगावं लागलं, कारण बाजूची तशी नव्हती.

पेठेतला वाचक : हे घेतो. कंपनीचं हजेरीबुक माझ्याकडं आधीच आहे, सायरन झाला की बोटाचा ठसा द्यायचा. त्या जागेला सेटलमेंट आणि तिथून सुटलेल्यांच्या वस्तीला फ्री कॉलनी. वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

माजी तलाठी : अंतराळातलं मला कळत नाही, पण तुमचं प्रकरण महसुलाचं आहे, म्हणून लिहितो.

मराठेशाहीतल्या गावात जमीन कसणारे मुख्यतः दोन. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेनं हक्क असलेला. काही भागांत त्याला थळकरी म्हणत. आणि उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. जमीन कसेल, सारा भरेल, पण हक्क नाही. तुमची माणसं म्हणजे सरळसरळ उपरी. यात शिवी नाही, कागदावरची नोंद आहे.

आता पुढचं. एखादं घराणं खलास झालं किंवा गाव सोडून गेलं की त्याच्या जमिनीला गतकुळी म्हणत. अशी जमीन उपऱ्याला लावून देत. उजाड गाव वसवायचं असेल तर कौल, म्हणजे शर्तींचा सरकारी कागद, द्यायचे, पहिली वर्षं सारा नाममात्र, मग दरसाल चढता. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. तुमच्या कंपनीचं भाडं वाढत जातं ना? मग इस्ताव्याचा कौल म्हणा.

आणि मुख्य गोष्ट. मिरासदार परागंदा झाला म्हणून त्याची मिरास बुडत नसे. तो परत येऊन “माझी जमीन द्या” म्हणू शके. मधल्या काळात उपऱ्यानं विहीर पाडलेली असो की बांध घातलेला असो. तुमचे ते झोपलेले जीव काय करतात? मिरासदार परत आलाय, एवढंच. कंपनीनं ग्रह ‘पडीक’ म्हणून दाखवला असेल, सगळे तसंच दाखवतात. पडीक हा शब्द फक्त सारा वसूल करणाऱ्याचा. तिथं गुरं चारणाऱ्याला विचारलं तर तो दुसरं काहीतरी म्हणेल.

जुळे सोलापूर : तलाठीकाका, तुम्ही अख्खं कथानकच लिहून दिलंत. जागे झालेले जीव म्हणजे परत आलेले मिरासदार, हे इंग्रजीत वाचलेल्या कुठल्याच यानकथेत मला दिसलं नव्हतं. तिकडं हल्ला होतो, इथं दावा लागतोय.

पेठेतला वाचक : मग संघर्षाला तरी काय म्हणू? ‘युद्ध’ लिहिलं की तोफा लागतात.

माजी तलाठी : आधी कज्जा. मिरासीचे कज्जे गोतसभेपुढं चालत. गावचे वतनदार, शेजारच्या गावचे लोक, साक्षीदार बसत, आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर सगळ्यांच्या निशाण्या होत. शेतकऱ्याची निशाणी नांगर, सुताराची वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. तुमच्या जीवांना हात नसतील तर निशाणी काय काढतील ते तुम्ही ठरवा.

भाषेच्या बाई : कज्जा मोडला की मग ‘बंड’, ‘उठाव’, ‘लढा’. इथं लेखणी कुणाच्या हातात आहे ते बघून शब्द घ्या. मे 1930 मध्ये आपल्या सोलापुरात जे झालं त्याला इंग्रजांच्या कागदांत दंगल म्हटलं, मार्शल लॉ लावला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो, त्यांच्या पुतळ्यांच्या चौकातून रोज जातो. म्हणजे तुमच्या कंपनीच्या अहवालात ‘बंड’, जिवांच्या तोंडी ‘लढा’. निवेदकानं दोन्हींपासून लांब राहून ‘मारामारी’ म्हटलं तरी चालेल.

पेठेतला वाचक : एक तुकडा लिहून बघितला :

‘कंपनीच्या वहीत आम्ही वसाहतकार होतो. आजा म्हणायचा, जगायला आलो. खालून जे वर आले त्यांनी आमच्या तळ्याकडं बघितलं, बांध मोजला, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, हे उपरी कुणाच्या कौलानं?’

पूर्वभाग : ‘कुणाच्या कौलानं’ झकास. पण आजच्या पोराला कौल म्हटलं की निवडणुकीचा निकाल नाहीतर घरावरची कौलं आठवणार. आधीच्या प्रकरणात तो कागद एकदा हातात घेऊन दाखवा, शिक्क्यासकट.

जुळे सोलापूर : आणि ‘उपरी’ वाचून वाचक ‘उपरा’च समजणार. टाकून बोलल्यासारखं वाटेल.

भाषेच्या बाई : समजू द्या की. व्याकरणानं इथं लेखकाची सोय केली आहे. ‘उपरा’ हे विशेषण, त्याचं सामान्यरूप ‘उपऱ्या’. ‘उपरी’ हे माळी, तेली यांसारखं नाम, त्याचंही सामान्यरूप ‘उपऱ्या’. माळ्याला, तेल्याला, तसं उपऱ्याला. म्हणजे ‘उपऱ्यांना इथून घालवा’ या वाक्यात महसुली नोंद आहे की हिणवणं, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. गोतसभेच्या प्रसंगात म्हातारा नोंद म्हणून बोलेल आणि तुमच्या माणसांना ती शिवी ऐकू येईल. भांडण पेटायला तेवढं पुरे.

माजी तलाठी : प्रथमेत मात्र जपा. ‘ते उपरे आहेत’ आणि ‘ते उपरी आहेत’. मिरासदाराच्या तोंडी ‘उपरी’च घाला. छापताना मुद्रितशोधक ‘उपरे’ असं दुरुस्त करून टाकेल, त्याला आधीच बजावून ठेवा.