गाडीतला नवीन स्टिरिओ मागच्या बॅटरीवर घ्यायचा आहे, वायरिंग कशी करू?

नमस्कार मंडळी, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, शेती आहे. दोन वर्षांपासून एका जुन्या ट्रॅव्हलरमध्ये घर करून राहिलो, म्हणजे मागे पलंग, छोटा फ्रिज, ओटा, टपावर सोलर असं सगळं हळूहळू बसवलं. बाबा ७८ चे आहेत, डोळ्यानं कमी दिसते आता, पण ऐकायची आवड तशीच आहे, तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं लावली की रात्री बारापर्यंत झोपत नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून जुना स्टिरिओ काढून नऊ इंची अँड्रॉइडवाला घेतला, सोबत चार स्पीकर आणि चार चॅनलचा अँप (अँप्लिफायर). आवाज लय छान आला, बाबांनी पहिल्या दिवशी तीन तास गाडीतच बसून ऐकलं.

पण बसवणाऱ्यानं सगळं पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीवरच जोडून दिलं. डिसेंबरमध्ये चिखलदऱ्याला मुक्काम होता, संध्याकाळी सातपासून पाच तास भजनं चालली आणि सकाळी चावी फिरवली तर नुसता कट कट आवाज. थंडी एवढी, बाबा गाडीत, आणि शेवटी तिथल्या चार पोरांनी धक्का मारून दिला तेव्हा गाडी चालू झाली. तेव्हा वाटलं आपणच जास्त वेळ वाजवलं. मग पेरणीच्या दिवसात गाडी नऊ दिवस अंगणात उभी होती, स्टिरिओला कोणी हातही लावला नाही, तरी बॅटरी पूर्ण बसली. क्लॅम्प मीटर आणून पाहिलं तर सगळं बंद असताना ०.४ अँपिअर जाऊन राहिले. म्हणजे दिवसाला जवळपास १० एएच (अँपिअर-तास), नऊ दिवसात ८५ च्या वर, बॅटरीत राहणार काय. डॅश उघडून पाहिला तर स्टिरिओची पिवळी (कायम करंटची) आणि लाल (चावीसोबत चालू-बंद करणारी) वायर एकत्र पिळून टेप मारलेली.

मागे १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम (एलएफपी) बॅटरी आहे पलंगाखाली, तिच्यावर फ्रिज, पंखा, लाइट चालतात, गाडी चालू असली की डीसी-डीसी चार्जरनं (पुढच्या बॅटरीवरून मागची भरणारा) चार्ज होते. नेहमीच्या आवाजात स्टिरिओ आणि अँप मिळून ५ अँपिअर घेतात, म्हणजे पाच तासात २५ एएच, ते मागची बॅटरी आरामात देते.

आता अडलं ते असं. पिवळी मागच्या बॅटरीवर नेली तर लाल कुठे लावू? चावीवर ठेवली तर मुक्कामात रात्रभर चावी ऑन ठेवावी लागते, ते मला नको. अँप ड्रायव्हर सीटखाली आहे आणि मागची बॅटरी तिथून ५ मीटर, आता अँपला २.५ एमएमची (चौरस एमएम) वायर आहे, ती चालेल का? आणि दोन बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एक केले तर काही जळणार तर नाही ना? तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला बाबांना घेऊन मोझरीला जायचं आहे, दोन-तीन रात्री गाडीतच राहू, त्याच्या आत हे नीट व्हायला पाहिजे. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

भाऊ, लाल-पिवळी एकत्र आहे म्हणून स्टिरिओ कधी झोपतच नाही, आणि निळी रिमोट वायर (अँपला चालू-बंदचा इशारा देणारी) चालू राहते म्हणून अँपही जागा राहते. तुमचे ०.४ तिथेच जाऊन राहिले.

पिवळी वायर मेमरीची, ती मागच्या बॅटरीवर कायम ठेवा. लालसाठी मधे ऑफ असलेला तीन पोझिशनचा टॉगल स्विच घ्या, वर केला की चावीवरून, खाली केला की मागच्या बॅटरीवरून. प्रवासात वर, मुक्कामात खाली, शेतात उभी असली की मधे.

२.५ एमएम अजिबात नको. जाऊन-येऊन १० मीटर होतात, भजनात ढोलकीचा ठोका पडला आणि अँपनं १५ अँपिअर ओढले की एक व्होल्टच्या वर वायरमध्येच जाते, वायर गरम होते ते वेगळंच. तुमच्या अँपवर ४० चा फ्यूज असेल तर १६ एमएम तांबं घ्या, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते ती घेऊ नका. माझं मत विचाराल तर अँपच पलंगाखाली बॅटरीजवळ न्या, जाड वायर एक मीटरची होते. आरसीए केबल (स्टिरिओतून अँपला आवाज नेणारी) लांब होईल, तिला पॉझिटिव्हच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूनं आणा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पाहिजे, अँपजवळ लावून उपयोग नाही, मधे वायर घासली तर आग तिथेच लागते.

निगेटिव्ह एक केल्यानं काही जळत नाही, उलट एकच पाहिजेत. फक्त स्टिरिओ आणि अँप दोघांचा निगेटिव्ह मागच्या बॅटरीच्याच बसबारवर (सगळ्या निगेटिव्ह जोडायची पट्टी) आणा, एक बॉडीला आणि एक बॅटरीला असं केलं की इंजिनसोबत कुईंऽऽ आवाज येतो.

उन्हाळ्यात एक पाहा, बहुतेक एलएफपी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये असं सांगतात, आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडी त्याच्या वर सहज जाते. पलंगाखाली हवा जायला जागा ठेवा, आता अँपची गरमी पण तिथेच राहील.

धागाकर्ता

खूप आभार भाऊ. अँप मागे नेला, लाल-पिवळी वेगळी केली, स्विच लावला. मधे ठेवून मीटर लावला तर ०.०१ दाखवून राहिलं. पण काल गाडी चालू करून पाहिली तर बारीक कुईं अजून येते, रेस वाढवली की वाढते. आरसीए काढली की बंद होते, म्हणजे अँपमध्ये नाही, पुढूनच येऊन राहिली. स्टिरिओची काळी वायर अजून डॅशच्या बॉडीलाच आहे, तेवढीच मागे न्यायची राहिली होती. उद्या ५ मीटर वायर आणून ती पण बसबारवर घेतो. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर रिव्हर्स लाइटवरून, म्हणजे पुढच्या बॅटरीवरूनच येते, ती तशीच ठेवली तर चालते का तेवढं सांगा.