कुटुंबकल्याण संस्थेने जुने काम कितपत बदलावे?

प्रश्न : एक विश्वस्त, कोल्हापूर

कोल्हापुरातील एका जुन्या कुटुंबकल्याण संस्थेच्या मंडळावर मी काम करते. नवऱ्याने टाकलेल्या किंवा मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या स्त्रियांना आधार द्यावा, शिवण शिकवून त्यांना पायावर उभे करावे आणि जिथे शक्य असेल तिथे समेट घडवावा, या हेतूने ती सुरू झाली. आता शिवणवर्गातील बरीच यंत्रे झाकलेलीच असतात, कारण तयार कपड्यांपुढे घरगुती शिवणाला पूर्वीची मजुरी मिळत नाही आणि मुलींना संगणक, नर्सिंग किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले काम हवे असते.

सल्ला केंद्रातील गर्दी मात्र कमी झालेली नाही. तिथे येणारी माणसे बदलली आहेत. आमच्या नोंदवहीत तक्रारीचे छापील रकाने आहेत : हुंडा, मारहाण, व्यसन, टाकून देणे आणि शेवटी ‘इतर’. हल्ली सर्वांत जास्त तो शेवटचाच रकाना भरतो. मायक्रोफायनान्सचे थकलेले हप्ते, मोबाईलवरून घेतलेला संशय, मुलगा बेंगळुरूला आणि आईवडील राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये एकटे, असे सगळे त्यात असते.

एका देणगीदाराने शहराबाहेर जागा देऊन वृद्धाश्रम बांधून देण्याची तयारी दाखवली आहे. काही सहकारी त्याला अनुकूल आहेत, तर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी ‘बायकांसाठी काढलेल्या संस्थेची म्हाताऱ्यांची खानावळ करू नका’ असे बैठकीतच सुनावले. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : निवृत्त समुपदेशक, इचलकरंजी

ताई, देणगी येते म्हणून काम ठरवू नका. तो ‘इतर’ रकाना फोडून पाहा. त्यात तुम्हाला दोन मोठे गट सापडतील, असा माझा अंदाज आहे.

पहिला गट लग्नाच्या बाजाराचा. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. तेव्हाचे हे मुलगे आता पंचविशी ओलांडून गेले आहेत आणि शेतकऱ्याच्या घरी मुलगी द्यायला कोणी तयार नाही. मग एजंट पैसे घेऊन लांबच्या जिल्ह्यातली किंवा परराज्यातली मुलगी आणतो, काही महिन्यांत लग्न मोडते आणि तक्रार घेऊन येते ती मुलाची आई. तिची फसवणूक खरी असते. पण ज्या मुलीला आणले तिचाही सौदाच झालेला असतो, आणि तिच्या बाजूने बोलायला इथे तिचे माहेर नसते. जुन्या रकान्यांत या दोघींनाही जागा नव्हती.

दुसरा गट वृद्धांचा, आणि इथे माझे मत देणगीदाराच्या विरुद्ध जाते. प्लास्टिकच्या पिशवीत बक्षीसपत्राची झेरॉक्स आणि पेन्शनचे पासबुक घेऊन बाकावर बसलेल्या बाईला आश्रमातली खाट नको असते, तिला स्वतःच्या घरातली खोली परत हवी असते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो, आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंतचा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली नाही तर, कलम 23 खाली परत मिळवता येते. अर्ज नीट लिहून देणारा माणूस आणि कागद ठेवायला एक कपाट असले, तरी हे काम सुरू होते. त्याला इमारत लागत नाही.

मात्र एक धोका आताच लक्षात घ्या. मुलगा-सुनेला घराबाहेर काढावे म्हणून सासू-सासरे 2007 च्या कायद्याने अर्ज करतात आणि त्याच घरात राहण्याचा हक्क सून 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मागते. सुनेचा हा हक्क डावलण्यासाठी ज्येष्ठांचा कायदा वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. कधी कधी तर मुलगाच बायकोला घालवण्यासाठी आईला पुढे करतो. अशा घरातली दोन्ही माणसे तुमच्याच दारात येतील, तेव्हा दोघींना एकच समुपदेशक देऊ नका आणि एकीने सांगितलेले दुसरीच्या कानावर जाऊ देऊ नका. ज्येष्ठ विश्वस्तांच्या बोलण्यातला तिखटपणा सोडला, तर त्यांची भीती मला रास्त वाटते.

उत्तर : एक वाचक, शिरोळ

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. ज्यांना परत मागायला घरच नाही, अशा वृद्ध विधवा आमच्या भागात आहेत. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर तर भिंतीही राहिल्या नाहीत. हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्यभर त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु कुंकू राहिले तरी छप्पर लागतेच. निवारा हे जुनाट काम आहे असे समजू नये.

प्रश्नकर्ती

निवाऱ्याचा मुद्दा मान्य आहे. आमच्या घटनेत उद्देश ‘संकटग्रस्त स्त्रिया व त्यांच्या कुटुंबांचे कल्याण’ असा लिहिलेला आहे. एवढ्यावर वृद्ध पुरुषांसाठी काम करता येईल का?

उत्तर : सनदी लेखापाल, कोल्हापूर

सल्ला आणि अर्जाचे काम ‘कुटुंबांचे कल्याण’ या शब्दांत बसवता येईल. निवासी वृद्धाश्रमासाठी मात्र उद्देशात दुरुस्ती करून घेणे बरे. संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर कलम 12 प्रमाणे प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोहोचावा लागतो, तीन पंचमांश मतांनी तो मंजूर व्हावा लागतो आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तितक्याच बहुमताने कायम करावा लागतो. त्यानंतर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज 90 दिवसांत दाखल करावा आणि आयकर नोंदणीचेही लगेच पाहावे. तिथली मुदत याहून बरीच कमी असते.

जागा स्वीकारण्यापूर्वी दानपत्राचा मसुदा वकिलांकडून वाचून घ्या. ‘फक्त वृद्धाश्रमासाठी’ अशी अट त्यात असली, तर पुढे तिथे पाळणाघर चालवणेही अवघड होईल, आणि एकदा जागा न्यासाच्या नावावर चढली की ती विकायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शक्य असल्यास देणगीदारांना जागेऐवजी दोन समुपदेशकांच्या पगाराची ठेव ठेवायला सांगून पाहा. पाटी लागत नाही म्हणून ते नाराज होतील, पण विचारायला हरकत नाही.