मदत हवी आहे: आयोवाचं रायटर्स वर्कशॉप आणि मराठीत लिहिणारी भाची

नमस्कार मंडळी,

भाची पुण्यात असते, कथा लिहिते, त्याही मराठीतच. काही दिवाळी अंकांत आल्यात. आता तिने आयोवा विद्यापीठाच्या रायटर्स वर्कशॉपचं मनावर घेतलंय. अमेरिकेतला मामा मीच, म्हणून चौकशी माझ्या गळ्यात. मी पडलो सॉफ्टवेअरवाला!

१९३६ पासून चालू असलेला हा दोन वर्षांचा एमएफए, म्हणजे लेखनातली पदव्युत्तर पदवी. कथा-कादंबरीला आणि कवितेला दरवर्षी साधारण पंचवीस-पंचवीस जण घेतात. निवडीत खरं वजन पाठवलेल्या लेखनाला, आणि ते इंग्रजीत लागतं. घोडं इथेच अडलंय. आपल्याच मराठी कथा स्वतः इंग्रजीत करून पाठवलेल्या चालतात का?

ताईचं एकच पालुपद, "दिलीप चित्रे गेले होते की आयोवाला!" गेले होते, १९७५ मध्ये, पण इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमला. तो पॉल एंगल आणि ह्वालिंग निए यांनी १९६७ मध्ये सुरू केला. तिथे पदवी नसते, आधीच नाव झालेले लेखक काही महिने राहायला येतात. एंगल त्याआधी वर्कशॉपचे संचालक होते, त्यामुळे लोक दोन्हींची गल्लत करतात. आयोवा विद्यापीठातच साहित्यिक भाषांतराचाही एमएफए आहे. मला तो हिच्यासाठी बरा वाटतो. ती म्हणते, "मामा, मला माझं लिहायचंय." आता यावर काय बोलणार?

शिवाय ती शिक्षकांच्या नावांवर भाळलीय. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट वर्कशॉपमध्ये शिकवायचे ते साठच्या दशकात. कादंबरीकार मेरिलिन रॉबिन्सन २०१६ मध्ये तिथून निवृत्त झाल्या. पाहुणे लेखक येतात ते बरेचदा सत्रापुरतेच. मग नेमकं कोणाकडे शिकायला मिळेल, हे अर्ज करताना कळतं का?

मला खरी धास्ती वर्गाची आहे. कथा आधी सगळ्यांना वाटायची, मग वर्गाने तिची चिरफाड करायची आणि लेखकाने तोंड मिटून ऐकायचं, अशी तिथली जुनी रीत. हिच्या कथांत चुलत्यांच्या वाटण्या, देवीची जत्रा, विहिरीवरून भांडणं. हे सगळं तिथल्या मुलांना समजावत बसायचं की तसंच लिहायचं? शिक्षक अशा वेळी सांभाळून घेतात का?

आयोवाच असं नाही, अमेरिकेत कुठेही असा एमएफए केलेलं, विशेषतः मराठीतून इंग्रजीकडे गेलेलं कोणी असेल तर कृपया लिहा. अर्जाची मुदत डिसेंबरच्या मध्यापर्यंत असते, आणि बाईसाहेबांच्या एकाही कथेचं इंग्रजी अजून झालेलं नाही.