मदत हवी आहे: फुगेवाल्या मुलीचा प्रिंट खरा की खोटा? रविवारपर्यंतच वेळ आहे

शाईवेडी
नमस्कार. ऑनलाइन लिलावात फुगेवाल्या मुलीचा प्रिंट घेतला, काल पुण्यात घरी पोचला. परत करायची मुदत रविवारी रात्री संपते. सही आहे, नंबर आहे, सर्टिफिकेट आहे, तरी मन मानत नाही. नवरा म्हणतो ठेव. खरा कसा ओळखायचा? लवकर सांगा, जुने धागे वाचायला खरंच वेळ नाही.

मोगरा_डोंबिवली
कोणाचा प्रिंट? फोटो टाका ना.

शाईवेडी
बँक्सीचाच, तो भिंतींवर चित्रं काढणारा निनावी ब्रिटिश कलाकार, अजून कुणाचा असणार! फोटो चढत नाहीये.

देवगडचा_हापूस
ताई, आधी एक करा, घाईने फ्रेम करू नका. माझ्याकडच्या एका सिल्कस्क्रीनला (जाळीतून रंग दाबून काढलेला प्रिंट) दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके पडले, कारण फ्रेमवाल्याने मागे साधा हार्डबोर्ड ठोकला आणि कागद गोंदाने चिकटवला. आम्लरहित माउंट बोर्डच मागा. काच कागदाला टेकता कामा नये. वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या पट्ट्या, त्याही गव्हाच्या खळीने. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच नको.

शाईवेडी
दादा, फ्रेमचं विचारलेलं नाही हो.

पूर्व_लंडनकर
नंबर कितीपैकी कितवा? सर्टिफिकेट कोणी दिलंय? किती पैसे मोजले?

गच्चीवरून
मुळात ही मुलगी २००२ मध्ये लंडनच्या साउथ बँकला, वॉटर्लू पुलाच्या जिन्याशी भिंतीवर होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट. ती कपाटात ठेवायला पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. २०१७ मध्ये ससून डॉकला मासळीच्या वासात उभं राहून रंगवलेल्या भिंती बघितल्या, तो आनंद कुठल्या कागदात मिळणार?

मोगरा_डोंबिवली
ससून डॉकला मीही गेले होते! पण भिंत पुसली की संपलं ना. वॉटर्लूची ती मुलगी आज कुठे आहे? कागदामुळेच टिकली.

शाईवेडी
३२७/६००. खाली पेन्सिलीने सही. सर्टिफिकेट विकणाऱ्या गॅलरीचं आहे, सोनेरी शिक्क्याचं. पैशांचं राहू दे.

पूर्व_लंडनकर
इथेच अडतंय. हा प्रिंट २००४ मध्ये लंडनच्या पिक्चर्स ऑन वॉल्स या प्रिंट काढणाऱ्या कंपनीने काढला. सही असलेले १५०, सही नसलेले ६००. म्हणजे ६०० पैकीच्या नंबरावर सही असायला नको. गॅलरीच्या सर्टिफिकेटला तर काहीच किंमत नाही. बँक्सीची कामं खरी की खोटी हे फक्त पेस्ट कंट्रोल नावाची त्याचीच संस्था तपासते, २००८ पासून. त्यांच्या सर्टिफिकेटला डायनाचा चेहरा असलेली दहा पौंडांची खोटी नोट अर्धी फाडून जोडलेली असते. त्यावर हाताने नंबर लिहिलेला असतो आणि उरलेली अर्धी नोट त्यांच्याकडे राहते. दोन्ही तुकडे जुळले पाहिजेत.

सातारी_कंदी
नंतर ओळखीच्या कुणाला सही करून दिली असेल की! लगेच खोटा कशाला म्हणायचा?

पूर्व_लंडनकर
दिली असेलही. पण ते पेस्ट कंट्रोलने म्हणायचं, तुम्ही-मी नाही. आणि त्यांचं उत्तर रविवारच्या आत येणार नाही.

हिशेबनीस_काका
कस्टम्सला मालाचा कुठला कोड लावला? अस्सल प्रिंट ९७०२ खाली येतात, साधी छापील चित्रं ४९११ खाली. बिलावर आकडा बघा.

पूर्व_लंडनकर
काका, ९७०२ च्या व्याख्येत फोटो-यांत्रिक छपाई बसत नाही. सिल्कस्क्रीनच्या जाळ्या बहुधा फोटोवरूनच बनतात, त्यामुळे त्या आकड्यावरून अस्सलपणा ठरत नाही.

हिशेबनीस_काका
पण विकणाऱ्याने स्वतः काय लिहून दिलं ते तर कळेल. त्याने कागदावर काय कबूल केलंय, ते बघायला सांगतोय मी.

शाईवेडी
काका, बिलावर ४९११ आहे. आणि नुसतं 'डेकोरेटिव्ह प्रिंट' लिहिलंय. सांगूनच टाकते, ४२ हजार रुपये दिले.

पूर्व_लंडनकर
ताई, सही नसलेलासुद्धा या पैशांत मिळत नाही. घरात भिंग आहे? लाल फुगा बघा. खऱ्यात, म्हणजे सिल्कस्क्रीनमध्ये, रंगाचा सलग, किंचित जाड थर दिसतो. डिजिटल किंवा ऑफसेट छपाईत वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके दिसतात.

सातारी_कंदी
एवढ्या पैशांत शेपर्ड फेअरी या अमेरिकी स्ट्रीट आर्टिस्टचे कितीतरी सही केलेले प्रिंट येतील. तो स्वतःच्या साइटवर विकतो, १८ बाय २४ इंच, नंबर घातलेले, बरेचसे शंभर डॉलरच्या आत. कलाकाराकडून थेट घ्या, मधे कोणी नको. मी तेवढंच करतो.

गच्चीवरून
सोडतीसारखे काही मिनिटांत संपतात ते. नोकरी सांभाळून कोण बसणार?

सातारी_कंदी
मी बसतो. नऊ वेळा हुकला, दहाव्यांदा मिळाला.

शाईवेडी
सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेतलं. फुग्यात गुलाबी आणि पिवळे ठिपके आहेत. सहीची रेघही ठिपक्यांचीच आहे. पेन्सिल नाहीच ती. हात थरथरतोय माझा. आत्ताच परतीचा अर्ज भरला. नळकांड्यात गुंडाळून पाठवू की सपाट?

देवगडचा_हापूस
आला होता तसाच, त्याच खोक्यात. आणि आधी ठिपक्यांचे भिंगातून फोटो काढून ठेवा, मागची बाजूही.