मदत हवी आहे: सोन्याचे नॅनोकण टाकूनही रामन सिग्नल येत नाही

काणकोणची_चांदणी
एमएस्सीचा प्रोजेक्ट, पंधरा दिवसांत सादरीकरण. सोन्याचे नॅनोकण केलेत, लालबुंद, यूव्हीला (कुठला प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) ५२० नॅनोमीटरवर सुंदर पीक, म्हणजे टोक. पण नमुना मिसळून रामनखाली (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखायचं यंत्र) धरला की नुसता डोंगर. कण टाकले काय नि नाही टाकले काय, आलेख तोच. लाखपट सिग्नल वाढतो म्हणून लिहितात ते खोटं असतं का? तीन बॅच झाल्या. सर रजेवर. जाणकारांनी लवकर सांगा, आणि "गूगल कर" सांगू नका, केलंय.

रामननाम_सत्य
लेझर कुठला? कण केवढे? नमुना कशाचा? थेंब कशावर ठेवतेस? मीठ घातलंस का? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

काणकोणची_चांदणी
लेझर आमच्याकडे आहे तोच, हिरवा. कण नेहमीचे सायट्रेटवाले. थेंब काचपट्टीवर. आणि मीठ कशाला? मिठाने कण बिघडतात, सरांनी मिठापासून लांब ठेवायला सांगितलंय.

जुनी_चांदी
हिरवा म्हणजे ५३२ नॅनोमीटर. मग दादा, सोनं कपाटात ठेवा. ५३२ ला सोनं स्वतःच प्रकाश गिळून बसतं, ते खुलतं ६३३ किंवा ७८५ ला. हिरव्याला चांदीच. ली आणि मायझेल यांची १९८२ ची कृती करा: ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ५०० मिली पाण्यात, उकळी आली की १ टक्का सायट्रेट १० मिली थेंबथेंब, मग तासभर उकळत ठेवा. राखाडी-पिवळट गढूळ दिसेल, घाबरू नका. मुळात धातूमुळे रामन सिग्नल वाढण्याचा हा परिणाम पहिल्यांदा दिसला तोच चांदीवर, १९७४ साली, खरवडलेल्या इलेक्ट्रोडवर पिरिडिन बसवलेलं तेव्हा.

काणकोणची_चांदणी
दादा नाही, ताई.

रामननाम_सत्य
चांदीवाल्यांचं अर्धं बरोबर. पण उद्या चांदी केली आणि मीठ नाही घातलं तर बाई पुन्हा इथे येऊन रडणार. सुटा गोल कण फार काही करत नाही. खरी गंमत दोन कणांमधल्या नॅनोमीटरभर फटीत. तिथे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र साचतं, आणि सिग्नल त्या क्षेत्राच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र दहापट तर सिग्नल दहा हजारपट. सायट्रेटमुळे कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मीठ तो भार झाकतं आणि कण चिकटतात. ५२० ला टोकदार सुंदर पीक म्हणजे सगळे कण सुटे फिरताहेत. तुझं सुंदर पीक हेच तुझं दुखणं आहे.

आधी नमुना, मग मीठ. उलट केलंस तर फटी आधीच बंद होतात आणि रेणू बाहेर ताटकळतात. रंग लालवरून जांभळट झाला की लगेच मोजायचं. काळं होऊन तळाला बसलं तर मीठ जास्त झालं.

जुनी_चांदी
मी मीठ नको म्हटलंय कुठे? पण चुकीच्या धातूला मीठ लावून काय मिळणार?

म्हापशेकार
अवांतर: सध्याच्या सोन्याच्या भावात कॉलेजं पोरांना सोनं उकळायला देतात? आमच्या वेळी कॉपर सल्फेटचे खडे मोजून मिळायचे.

एचपीएलसी_काका
या फंदात पडूच नये. कुठलाही पदार्थ शोधायचा तर एचपीएलसीचा कॉलम (मिश्रण वेगळं करणारी नळी) आहे, तुलनेला स्टँडर्ड आहे, आकडा मिळतो. नॅनोकणांत आजची बॅच उद्याच्या बॅचशी जुळत नाही. तीस वर्षं हेच बघतोय.

रामननाम_सत्य
काका, तिने पद्धत बदलू का असं विचारलेलं नाही. ताई, नमुना कशाचा ते अजून सांगितलं नाहीस.

काणकोणची_चांदणी
बांगडा. म्हणजे बांगड्यातलं फॉर्मेलिन, मासा टिकवायला लावतात तो फॉर्माल्डिहाइडचा द्राव. लिहिलं नव्हतं का मी?

रामननाम_सत्य
नाही!! आणि हे सगळ्यात आधी लिहायचं असतं!

सत्तरीचो_भाऊ
फॉर्मेलिन म्हटल्यावर राहवलं नाही. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातला माशांतल्या फॉर्मेलिनवरून झालेला तो गोंधळ. आमच्या घरी महिनाभर नुस्तं (मासे) बंद, आई सोलकढीला तोंड वाकडं करायची. वास घेतला की कळतं हो, त्याला यंत्र कशाला? कल्ला लाल, डोळा फुगीर, की घ्यायचा.

म्हापशेकार
भाऊ, वासाने कळलं असतं तर गोंधळ झालाच नसता. तेव्हा कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या फॉर्मेलिन तपासायच्या कागदी पट्ट्या सगळ्यांच्या तोंडी होत्या.

एचपीएलसी_काका
आणि मासा मेल्यावर स्वतःही थोडं फॉर्माल्डिहाइड तयार करतो हे कोणी सांगत नाही. ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड मोडून डायमिथाइलअमीन आणि फॉर्माल्डिहाइड होतं. म्हणजे नुसतं "सापडलं" म्हणून चालत नाही, किती ते हवं. म्हणूनच म्हणतो, डीएनपीएच (फॉर्माल्डिहाइडला धरणारं रसायन) लावा, ३६० नॅनोमीटरला कॉलमवर बघा.

जुनी_चांदी
इथे मात्र काकांच्या बाजूने. फॉर्माल्डिहाइड इवलासा रेणू, रामनमध्ये मुळात दुबळा, आणि धातूला धरायला त्याच्याकडे हातच नाही. ना थायोल (गंधकाचा गट), ना अमीन (नायट्रोजनचा). पृष्ठभागापासून चार-पाच नॅनोमीटर दूर राहिला की वाढ संपलीच. चांदी घ्या की सोनं, तसाच टाकला तर दिसणार नाही. त्याला आधी दुसऱ्या रेणूशी बांधावं लागतं. परपाल्ड म्हणजे थायोलवाला ट्रायझोल. तो फॉर्माल्डिहाइडला पकडतो आणि गंधकाने धातूला चिकटतो. आणि तो डोंगर माशाच्या अर्काच्या फ्लुओरेसन्सचा, म्हणजे लेझर पडला की स्वतः चमकण्याचा असणार, हिरव्या लेझरखाली तो हमखास येतो.

काणकोणची_चांदणी
परपाल्ड मागवायला दोन आठवडे लागतील. मग मी काय करू???

रामननाम_सत्य
आज मासा फ्रीजमध्ये ठेव. चांदी कर. ऱ्होडामिन ६जी या रंगाचा एक मायक्रोमोलर द्राव घे, तो धातूला आपणहून चिकटतो. तो दिसला तर कण, मीठ, यंत्र तिन्ही ठीक. नाही दिसला तर बांगड्यावर राग काढू नकोस. भांडी आम्लराजाने धू (हायड्रोक्लोरिक तीन भाग, नायट्रिक एक, फ्यूम हूडमध्ये, बाटलीचं झाकण लावून ठेवायचं नाही), नंतर डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड तुझ्याआधी मीठ घालून मोकळं होतं. थेंब काचेवर नको, ॲल्युमिनियम फॉइलवर ठेव. लेझरची ताकद कमी, नाहीतर रामन आलेखावर १३५० आणि १५८० सेमी⁻¹ ला दोन रुंद ढेकळं येतील. तो जळलेला कार्बन.

काणकोणची_चांदणी (चार दिवसांनी)
आलं!!! चांदी, मीठ, ऱ्होडामिन. ६१२, १३६३, १५०९, १६५०, सगळे पीक. फ्लुओरेसन्स जवळजवळ गायब. सरांना व्हॉट्सअॅप केलं, अंगठा आला. प्रोजेक्टचं नाव बदलून रंगावरच ठेवतेय, मासा पुढच्या सत्रात.

जुनी_चांदी
चांदी म्हटलं होतं ना.

रामननाम_सत्य
मीठ म्हटलं होतं ना. कोणतं घातलंस, किती, आणि ते न घालता घेतलेला आलेख कुठे आहे?

सत्तरीचो_भाऊ
आणि त्या बांगड्याचं काय केलं?