मदत हवी आहे: पाणी संस्थेची पाळी १५ दिवसांनी, उसाला ठिबक चालवायचं कसं?

काळं रान
राम राम मंडळी. रान शिरोळ तालुक्यात, पंचगंगेवरच्या पाणीपुरवठा संस्थेखाली. २ एकर भारी काळी जमीन, ५ फुटी सरी. पाळी १५ दिवसांनी, एकरी ८ तास. उन्हाळ्यात पाळी यायच्या आधीचे चार-पाच दिवस उसाची पानं गुंडाळतात, आणि पाणी पाजलं की चार दिवस वाफसा (माती ओलसर पण मोकळी, हवा खेळती) येत नाही. खालच्या बांधाला पांढरं (क्षार) फुटायला लागलंय. ठिबकाला रोज पाणी लागतं, संस्था तर रोज देणार नाही. संस्थेच्या चेंबरवर, जिथून रानात पाणी सुटतं तिथं, २०० लिटरचं बॅरल १४ सेकंदांत भरतं.

वाफसा
बॅरल लावून मोजलंत, फार बरं केलंत. या हिशोबानं १६ तासांत ८ लाख लिटर येतं, म्हणजे २ एकरांवर १०० मिमीचा थर. भर उन्हाळ्यात मोठा ऊस दिवसाला ६ मिमीच्या आसपास पितो, १५ दिवसांचे ९० मिमी. पाणी कमी नाहीच, ते एकदम येतंय. मुळांच्या दोन फुटांत पिकाला घेता येईल असं साधारण १०० मिमी मावतं, पण त्यातलं निम्मं संपलं की ऊस ताण धरतो आणि पिणं कमी करतो. मग पुढच्या पाळीला जमिनीत तेवढी जागाच रिकामी नसते. जास्तीचं खाली उतरतं, भूजल वर चढवतं आणि क्षार तुमच्या खालच्या बांधाला आणून सोडतं.

तेच ८ लाख लिटर शेततळ्यात धरा. वरची कड २२ × २२ मीटर, तळ १६ × १६, खोली ३ मीटर. वरून अर्धा मीटर मोकळा ठेवला तरी साडेआठ लाख लिटर बसतं. बाष्पीभवन धरूनही पाळी निघते. तळ्यात अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद ५०० मायक्रॉनचा.

निचरा
थांबा, शिरोळात सरसकट ३ मीटर खोदू नका. भूजल तळ्याच्या तळापेक्षा वर आलं आणि तळं रिकामं असलं, की कागद खालून फुगून वर उचलला जातो, सांधे सुटतात. पावसाळ्यात पाणी किती फुटांवर लागतं? आणि २०१९, २०२१ च्या पुरात रान बुडालं होतं का? बुडालं असेल तर तिथं तळं नकोच, गाळानं भरेल.

काळं रान
पुरात येत नाही. पावसाळ्यात पाणी ५ फुटांवर लागतं. फिल्टर कुठला आणि मोटर किती वेळ चालवायची, तेही सांगा.

निचरा
मग खोदाई ४ फूट, बाकीची उंची बांधानं घ्या. खोदलेली माती पुरणार नाही, मुरूम आणावा लागेल. तो आणाच, कारण नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हात भेगाळतो आणि पावसात खचतो. सगळं धरून साडेआठ गुंठे जातील. जड वाटेल, पण पांढरं पसरलं तर त्याहून जास्त रान जाईल.

वाफसा
१६ मिमी इनलाइन नळी (ड्रीपर आतच बसवलेली), ४० सेंमीवर ताशी ४ लिटरचा ड्रीपर. एकरी साधारण ६,६०० ड्रीपर, ताशी २६ हजार लिटर. एका वेळी एकच एकर चालवा, ५५ मिनिटांत ६ मिमी बसतं. ५ एचपी पुरते. आधी सँड फिल्टर, मग डिस्क. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या गेजमध्ये दाबाचा अर्ध्या किलोचा फरक दिसला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. नदीचं पाणी तळ्यात शेवाळ धरतं, म्हणून आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. शेवटच्या ड्रीपरखाली बाटली धरा. १५ मिनिटांत १ लिटर भरली पाहिजे. पाऊण लिटरच भरली तर दाब कमी आहे किंवा ड्रीपर तुंबलाय.

निचरा
पांढऱ्या पट्ट्याचं वेगळं बघा. ठिबक क्षार धुऊन काढत नाही, ड्रीपरखालच्या ओल्या गोळ्याच्या कडेला ढकलतं. वळवाच्या हलक्या सरीनं ते परत मुळांत येतात. म्हणून तेव्हा मोटर बंद करू नका, पाऊस पडतानाच तासभर चालू ठेवा. खालच्या बांधाची माती १, २ आणि ३ फुटांवरून वेगवेगळी काढून तपासा. क्षारता (ईसी) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर जमिनीखालून सच्छिद्र पाइपचा निचरा घालावा लागेल, आणि सामू (पीएच) साडेआठच्या वर असेल तर आधी जिप्सम.

काळं रान
तळं होईपर्यंत काय करू?

वाफसा
पाचट (उसाची वाळलेली पानं) पसरा. एका पाळीला एकाआड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला उरलेल्या. संस्थेनं मान्य केलं तर एकाच १६ तासांऐवजी आठवड्यानं ८-८ तास मागून घ्या, पाटकऱ्याचा (पाणी सोडणाऱ्याचा) फेर तेवढा बदलावा लागेल.