लक्ष्मी रस्त्याचा कायापालट: आधी पदपथ, की आधी पार्किंग?

पायी_पुणेकर
सप्टेंबर २०२४ अखेर पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू झाली. पण जिना चढून वर आलं की चालायला जागा नाही. म्हणून पहिला पैसा पदपथावर घालावा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कर्ब, म्हणजे पदपथाची कड, १५० मिमीपेक्षा उंच नको. आपल्याकडे ही रुंदी कागदावर भरते. प्रत्यक्षात त्यातच डीपी (विजेची पेटी), झाड, दुकानाची पायरी.

बस्तेवाले
म्हणजे गिऱ्हाईक तोडायचं ठरवलंच आहे तर! लग्नाचा बस्ता बांधायला सहा-सात माणसं येतात, परतताना पिशव्यांचा ढीग असतो. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला रस्ता गाड्यांना बंद करून फोटो काढता, १२ तारखेला गाडी लावायची कुठे? आधी पार्किंग द्या.

हिशेबी
मंडईत मिनर्व्हा आणि आर्यन ही वाहनतळं आहेतच की. पण रस्त्याकडेला फुकट लावता येत असताना पैसे देऊन आत कोण जाईल? रस्त्यावर शुल्क घेण्याचं धोरण २०१८ मध्येच मंजूर झालं, अंमलबजावणी रखडली. एका मोटारीला २.५ बाय ५ मीटर जागा लागते, तेवढ्यात पाच-सहा दुचाक्या बसतात. पहिला तास स्वस्त, पुढे चढता दर ठेवा. दिवसभर एकच गाडी अडून राहिली तर नुकसान दुकानदाराचंच.

पायी_पुणेकर
गाड्या चढू नयेत म्हणून पदपथावर बोलार्ड, म्हणजे आडवे येणारे छोटे खांब, लावले की निम्मा प्रश्न सुटतो.

गटार_ते_गॅन्ट्री
नाही सुटत. व्हीलचेअरसाठी दोन बोलार्डमध्ये निदान ९० सेंमी सोडावे लागतात, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. रस्ता तुंबला की दुचाकी पदपथावर चढते, आणि रस्ता तुंबतो दुहेरी पार्किंगमुळे, म्हणजे लावलेल्या गाडीशेजारी आणखी एक गाडी लावल्यामुळे. त्यामुळे माझा क्रम असा: आधी पार्किंगला शिस्त, मग वीज आणि फायबरच्या केबलसाठी जमिनीखालचे डक्ट (नळ्या), फरशी शेवटी. फरशी आधी बसवली तर पहिल्याच केबलसाठी ती उखडणार, हे कुणी सांगायला हवं का? चौकात टेबलटॉप क्रॉसिंग, म्हणजे पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेला ओलांडायचा पट्टा, करणार असाल तर पाणी येतं त्या बाजूला गटाराची जाळी हवीच. नाहीतर पहिल्याच पावसात तिथे तळं.

बस्तेवाले
शुल्क एकवेळ मान्य. मालाचं काय? सकाळी दहाच्या आत टेम्पो रिकामा करा असं आम्हाला सांगितलं जातं, ट्रान्सपोर्टवाला गठ्ठे सोडतो अकराला.

हिशेबी
मग दुपारी दोन ते चार द्या, गिऱ्हाईक तेव्हा कमीच असतं. पण प्रत्येक दुकानासमोर नाही. दोन चौकांमध्ये टेम्पोसाठी एकच आखलेली जागा, पुढे हातगाडी.

बस्तेवाले
हमालीचा खर्च कोण देणार, तेही सांगा.